पहिली नोकरी लातुरात, दुसरी कुठे?

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात सास्तूर आहे. सोयाबीन, तूर, हरभरा आणि पाणी असेल तिथे ऊस, यावर हे गाव चालते. इथल्या शिकलेल्या मुलामुलींची वाट आता ठरूनच गेली आहे. दहावी झाली की अकरावी-बारावीला लातूर, पदवीला लातूर, सोलापूर किंवा पुणे आणि नोकरीला बहुतेक वेळा पुणेच. हिंजवडी, चाकण, रांजणगाव ही नावे गावातल्या प्रत्येक घराला पाठ आहेत. दिवाळीला आणि पेरणीला रात्रीची ट्रॅव्हल्स धरून यायचे आणि सोमवारी सकाळी पुन्हा कामावर हजर व्हायचे. अशी सात-आठ वर्षे गेली की एक प्रश्न समोर येतो. लातूरच्या एखाद्या रुग्णालयात हिशेबनीसाची, सोलापूरच्या एखाद्या कारखान्यात पर्यवेक्षकाची किंवा धाराशिवच्या एखाद्या संस्थेत समन्वयकाची जागा निघालेली असते. पगार पुण्यापेक्षा कमी, पण घर जवळ. जावे की नाही? घरच्या बैठकीत मग घरभाडे, वाहतुकीची कोंडी, हवा, आई-वडिलांचे वय आणि मुलांची शाळा यांवर तास-तास चर्चा होते. या गोष्टी खऱ्याच आहेत. पण सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न या चर्चेत बहुधा येतच नाही. समोर आलेली नोकरी उद्या गेली, तर त्याच शहरात दुसरी मिळेल का? लहान शहरात जाण्याचा निर्णय पहिल्या नोकरीवर घेतला जातो आणि तो टिकतो की फसतो ते दुसऱ्या नोकरीवर ठरते, असे माझे मत आहे.

जागा बदलताना कामाचा विचार मागे पडला की काय होते, हे सास्तूरकरांना वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्याच रात्री अनंत चतुर्दशीचे विसर्जन झाले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद अशा घरांखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. किल्लारीइतकाच सास्तूरलाही या भूकंपाने तडाखा दिला. पुढे जागतिक बँकेचे कर्ज आणि देशभरातल्या दात्यांची मदत यांतून ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि सास्तूर त्यांपैकी एक. कुणाला किती मोठे घर द्यायचे हे जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्याहून जास्त जमीन असणाऱ्यांना ७५०. घरे भक्कम होती, रस्ते रुंद आणि सरळ होते आणि इतक्या मोठ्या आपत्तीनंतर इतक्या झपाट्याने एवढे बांधकाम उभे राहिले ही लहान गोष्ट नव्हती. पण शेतकऱ्याचे घर म्हणजे गोठा, कडब्याची जागा, धान्याचे बळद आणि अवजारे ठेवायचा कोपरा, हे चौरस फुटांच्या कोष्टकात बसत नव्हते. नवी गावठाणे जुन्यापेक्षा कितीतरी ऐसपैस पसरली. पुष्कळ ठिकाणी शेत लांब पडले आणि शेजार तुटला. पुढच्या वर्षांत लोकांनी त्या घरांपुढे पत्र्याची शेड उभारली, गोठे वाढवले आणि मिळालेल्या घराला आपल्या कामाजोगे करून घेतले. त्या वेळी जीव वाचवण्याला पहिले प्राधान्य होते, त्यामुळे योजना आखणाऱ्यांना फार दोष देता येत नाही. पण आज पुण्यातले दोन खोल्यांचे भाड्याचे घर आणि लातुरातला तीन खोल्यांचा स्वतःचा फ्लॅट यांची तुलना करून जो निर्णय घेतो, तो त्याच कोष्टकाने निर्णय घेतो आहे. त्याच्यावर तर कोणतीही आपत्ती कोसळलेली नसते.

घराचा हिशेब मात्र टाळू नये. तो लवकर संपतो, म्हणून आधी उरकून घ्यावा. लहान शहर किती स्वस्त आहे याचा एक अंदाज सरकारच देते. केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्यासाठी पुणे एक्स वर्गात, सोलापूर वाय वर्गात आणि लातूर-धाराशिव झेड वर्गात मोडतात. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून हे दर मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के आहेत. म्हणजे ४० हजार मूळ पगार असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला पुण्यात १२ हजार, सोलापुरात ८ हजार आणि लातुरात ४ हजार भत्ता मिळतो. आता खासगी नोकरीतले एक उदाहरण कागदावर मांडू. समजा पुण्यात हाती ६० हजार येतात आणि भाडे १८ हजार जाते. लातुरात ४२ हजार मिळणार आहेत आणि भाडे ८ हजार आहे. भाडे वजा जाता पुण्यात ४२ हजार उरतात, लातुरात ३४ हजार. पेट्रोल, बाहेरचे खाणे आणि गावी येण्याजाण्याचा खर्च धरला तर आठ हजारांची ही तफावत चार-पाच हजारांवर येते. एवढ्यासाठी आई-वडिलांपासून साडेतीनशे किलोमीटर लांब राहायचे का, असे कुणी विचारले तर त्याच्याशी वाद घालता येणार नाही. फक्त एवढे लक्षात ठेवावे की भाडे आणि भाजीपाला सोडला तर बाकीचे खर्च फारसे उतरत नाहीत. कर्जाचा हप्ता, मोबाइल, औषधे, विमा, गॅस, कपडे हे लातुरातही त्याच भावाने घ्यावे लागते. ‘तिकडे काय खर्च आहे?’ म्हणून पगार निम्म्यावर आणणाऱ्या मालकाशी बोलताना हे ध्यानात असावे.

खरी तफावत आजच्या पगारात नसते, पाच वर्षांनंतरच्या पगारात असते. इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ या ग्रंथात उद्योग एकाच ठिकाणी का गोळा होतात याची कारणे दिली होती. त्यांतले एक असे की, ज्या कसबाची माणसे जिथे भरपूर मिळतात तिथे मालक जातात आणि ज्या कसबाला मागणी करणारे मालक जिथे भरपूर असतात तिथे माणसे जातात. पुण्यात गुणवत्ता तपासणीचे काम येणाऱ्या माणसाला चाकणपासून रांजणगावपर्यंत शेकडो दारे आहेत. एका ठिकाणी साहेबाशी पटले नाही, कंपनीने कपात केली किंवा पगारवाढ नाकारली तर तो दुसरे दार ठोठावतो. त्याने प्रत्यक्ष नोकरी बदलली नाही तरी तो बदलू शकतो हे मालकाला माहीत असते आणि पगारवाढीच्या बोलणीत त्याचेच वजन पडते. लातुरात किंवा धाराशिवात त्याच कामाचे दोनच मालक असतील आणि त्यांची एकमेकांशी ओळख असेल, तर ते वजन नाहीसे होते. पहिल्या दिवशी ठरलेला पगारच मग पुढची कित्येक वर्षे थोडाफार वर सरकत राहतो. हे नुकसान दरमहाच्या हिशेबात कुठेच दिसत नाही, म्हणून ते कुणी मोजत नाही.

एकाच मोठ्या मालकावर किंवा एकाच उद्योगावर भरवसा ठेवण्याचे परिणाम आपल्या जवळच दिसतात. लातूरच्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याचे भूमिपूजन ३१ मार्च २०१८ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२० रोजी तिथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. पुण्याहून परत येण्याची आशा अनेकांनी त्या कारखान्यावर बांधली. पण इमारती उभ्या राहिल्या म्हणून काम सुरू झाले असे होत नाही. वंदे भारतच्या १२० स्लीपर गाड्या तिथे बनवण्याचा करार व्हायला २०२३ साल उजाडले. भूमिपूजनाच्या भरवशावर कुणी २०१८ मध्येच पुण्याची नोकरी सोडली असती, तर मधली पाच वर्षे त्याने काय केले असते? सोलापूरची गोष्ट याहून जुनी आणि कडवट आहे. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांवर त्या शहराची कित्येक दशके उभी होती. त्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा कामगारांच्या हातात कसब होते आणि ते विकत घेणारा तेवढ्या पगाराचा दुसरा मालक गावात नव्हता. चादरी आणि टॉवेलचे यंत्रमाग चालू राहिले, पण गिरणीतली नोकरी आणि मागावरचे काम यांत पगाराचे, सुट्यांचे आणि निवृत्तिवेतनाचे किती अंतर असते हे सोलापूरकरांना विचारावे. त्या गिरणीकामगारांच्या मुलांनीच पुढे पुण्याची गाडी धरली.

घरात दोघे कमावते असतील तर प्रश्न दुपटीहून जास्त कठीण होतो. डोरा कोस्टा आणि मॅथ्यू कान या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली अमेरिकेतल्या आकडेवारीवरून दाखवले की, पदवीधर जोडपी उत्तरोत्तर मोठ्या शहरांत गोळा होत गेली. त्यामागचे एक मोठे कारण त्यांनी असे मांडले की, दोघांनाही आपापल्या शिक्षणाजोगे काम एकाच ठिकाणी मिळण्याची शक्यता मोठ्या शहरातच जास्त असते. आपल्याकडे यावर एक सोयीस्कर तोडगा काढला जातो. नवऱ्याला लातुरात चांगली जागा मिळाली की बायकोने पुण्यातली नोकरी सोडायची आणि ‘तिकडे काहीतरी बघू’ म्हणायचे. हे ‘काहीतरी’ म्हणजे बहुधा तिच्या निम्म्या पगाराची खासगी शाळेतली नोकरी असते किंवा काहीच नसते. वरच्या उदाहरणात तिचे ३५ हजार धरा, म्हणजे स्वस्ताईचा सगळा हिशेब एका फटक्यात उलटतो. पैशापलीकडेही तिचे काही गेलेले असते आणि त्याबद्दल बैठकीत कुणी तिला विचारलेले नसते. म्हणून दुसऱ्या नोकरीच्या प्रश्नाला दोन पोटप्रश्न आहेत. माझी नोकरी गेली तर मला दुसरी मिळेल का आणि आज माझ्या जोडीदाराला पहिली मिळेल का? दुसऱ्या पोटप्रश्नाचे उत्तर हातात आल्याशिवाय सामानाचा टेम्पो ठरवू नये.

हे सगळे ऐकून कुणी म्हणेल, मग लहान शहरात कुणी जायचेच नाही का? तसे मुळीच नाही. कुणी जावे आणि केव्हा जावे हे मात्र ठरवता येते. स्पेनमधल्या नोकरदारांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून होर्हे दे ला रोका आणि दिएगो पुगा यांनी २०१७ साली एक महत्त्वाचा निष्कर्ष मांडला. मोठ्या शहरात पगार लगेच जास्त मिळतो, शिवाय तिथे मिळवलेला अनुभव जास्त मोलाचा ठरतो आणि ते मोल माणूस लहान शहरात गेल्यावरही बऱ्याच अंशी टिकून राहते. स्पेनची गोष्ट मराठवाड्याला जशीच्या तशी लागू होईल असे नाही, पण तिचा रोख आपल्या अनुभवाशी जुळतो. बाविसाव्या वर्षी थेट लातुरात रुजू झालेला आणि पुण्यात आठ वर्षे काढून तिशीत लातुरात आलेला, हे दोघे एकाच खुर्चीवर बसले तरी एकाच पगारावर बसत नाहीत. म्हणून पदवी हातात पडल्या पडल्या ‘आपल्या भागातच बघ’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला मला घातक वाटतो. तोच सल्ला दहा वर्षांनी दिला तर तो विचार करण्याजोगा असतो.

काहींच्या बाबतीत तर दुसऱ्या नोकरीचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. ज्याला मालक शोधायचा नसून गिऱ्हाईक शोधायचे आहे, त्याला लहान शहर अनेकदा पुण्याहून चांगले असते. डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल, शेती-औषधांचा दुकानदार, सौर पंप बसवणारा, चांगला गणित शिकवणारा मास्तर यांची रोजी एका माणसाच्या मर्जीवर नसते. लातूरचेच पाहा. हे शहर जिल्ह्याचे ठिकाण झाले ते १९८२ साली, उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर. नंतरच्या काळात बारावी आणि प्रवेश परीक्षांची कसून तयारी करून घेणाऱ्या ‘लातूर पॅटर्न’ने त्याला महाराष्ट्रभर ओळख मिळवून दिली. आज अकरावी-बारावीसाठी राज्यभरातून मुले इथे येतात आणि त्यांच्यामागे शिकवण्या, वसतिगृहे, खाणावळी, अभ्यासिका आणि पुस्तकांची दुकाने चालतात. डाळ आणि सोयाबीन यांची मोठी बाजारपेठ आहे आणि रुग्णालये आहेत. जीवशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाला लातुरात दुसरी नोकरी पुण्यापेक्षाही लवकर मिळेल. हेच कारखान्यातल्या रोबोटची देखभाल करणाऱ्या अभियंत्याला सांगता येणार नाही. म्हणजे ‘लातूर चांगले की वाईट’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या कामासाठी, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. सरकारी नोकराची गोष्टही वेगळी. त्याचा मालक सगळ्या राज्यभर पसरलेला असतो, बदली झाली तरी सेवाज्येष्ठता आणि निवृत्तिवेतन शाबूत राहते. त्याने घराचा, पालकांचा आणि मुलांचा विचार करून बदली मागावी. त्याच्यापुरता हा लेख इथेच संपला तरी चालेल.

‘घरून काम’ हा अलीकडच्या वर्षांतला सगळ्यांत लाडका युक्तिवाद. २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा माहिती-तंत्रज्ञानातली मुले लॅपटॉप घेऊन गावी आली आणि काहींनी तेव्हाच ठरवले की आता पुणे नको. कंपनी पुण्याची आणि घर सास्तूरला, म्हणजे दोन्हीकडचे चांगले तेवढे आपले. पण ही सोय कुणाच्या हातात असते? ऑक्टोबर २०२३ पासून टीसीएसने आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्याचा नियम केला आणि इतर कंपन्यांनीही कमी-अधिक दिवसांची सक्ती आणली. तोवर ज्यांनी गावाकडे घर बांधायला काढले होते, त्यांना पुण्यात पुन्हा भाड्याचे घर शोधावे लागले. नेमणूकपत्रातच कायमचे घरून काम लिहिलेले असेल तरी प्रश्न तोच राहतो. ही नोकरी गेली तर अशीच दुसरी मिळेल का? परदेशी गिऱ्हाइकांचे काम करणाऱ्या कसलेल्या प्रोग्रॅमरला मिळेल. ग्राहक सेवेत फोन घेणाऱ्याने त्या भरवशावर राहू नये.

राहिला आई-वडिलांचा मुद्दा. हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो आणि त्याला पैशाने उत्तर देता येत नाही. साठी-सत्तरीच्या माणसांना दरमहा पैसे पाठवता येतात, पण रात्री छातीत दुखू लागले तर पुण्याहून पोहोचेपर्यंत सकाळ होते. लातूरला राहणारा मुलगा मात्र औसा-किल्लारी मार्गे त्याच रात्री येऊन उभा राहतो. सास्तुरात भूकंपानंतर उभे राहिलेले स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे आणि रोजच्या दुखण्यांना त्याचा मोठा आधार आहे. अँजिओप्लास्टीसाठी मात्र लातूर किंवा सोलापूरच गाठावे लागते. म्हणून पालक आजारी असतील आणि बघायला दुसरे कुणी नसेल तर पगार, पगारवाढ, दुसरी नोकरी हे सगळे हिशेब बाजूला ठेवून कुणी परत आले, तर त्याला चुकले म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. फक्त त्याने हा निर्णय पालकांसाठी घेतला आहे हे स्वतःशी कबूल करावे. ‘इथेही करिअर तसेच होईल’ अशी समजूत करून घेतली की पाच वर्षांनी चिडचिड होते आणि ती ज्यांच्यासाठी आलो त्यांच्यावरच निघते. पालक धडधाकट असतील, शेतीही तेच पाहत असतील, तर मात्र त्यांचे नाव पुढे करून पुण्याच्या कंटाळ्याला वाट काढून देऊ नये.

शेवटी पाण्याबद्दल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूर जगवावे लागले, कारण मांजरा धरण आटले होते. नंतरच्या चांगल्या पावसांत ते विसरले गेले. पण नळाला किती दिवसांनी पाणी येते, टँकरचा भाव काय आणि बोअर उन्हाळ्यात चालते का, हे जिथे जायचे त्या गल्लीतल्या लोकांना मे महिन्यात विचारावे. जूननंतर सगळीकडे उत्तर चांगलेच मिळते. याच कारणाने पहिले वर्षभर भाड्याने राहावे, फ्लॅटचे बुकिंग करू नये. लहान शहरात घर स्वस्त मिळते हे खरे, पण विकायला काढले तर गिऱ्हाईकही सावकाश मिळते. कर्जाचा हप्ता मागे लागलेल्या माणसाला तर शहरातला एकुलता एक मालक सहज वाकवू शकतो.

तेव्हा लातूरचे किंवा सोलापूरचे नेमणूकपत्र हातात पडले की सही करण्याआधी एक कागद घ्या. त्याच शहरात, तुमच्याच कामाला, साधारण त्याच पगारावर ठेवू शकतील अशा आणखी तीन मालकांची नावे त्यावर लिहा आणि जोडीदारासाठी आणखी दोन. नावे खरी असावीत आणि त्यांतल्या निदान दोघांना फोन करून जागा निघतात का ते विचारलेले असावे. पाचही नावे लिहिता आली तर पगार दहा हजारांनी कमी असला तरी बेलाशक जा. दोनच्या पुढे लेखणी सरकत नसेल आणि पालकांची निकड नसेल, तर आणखी तीन वर्षे पुण्यात काढा आणि तोवर अशा कामाचे शिक्षण घ्या, ज्याला लातुरात गिऱ्हाईक आहे.